एक लाख अठरा हजार चारशे साठ

माझे वडील, अण्णा, राहात्यात जनावरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरी त्यांनी लवकर सोडली आणि पुढची सगळी वर्षं खासगी प्रॅक्टिस केली. सकाळी सहाला घरातून निघायचे. कुणाची गाय अडलेली असायची, कुणाच्या म्हशीचं पोट फुगलेलं असायचं, कुणाची कालवड दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नसायची. अस्तगाव, बाभळेश्वर, लोणी, कोल्हार आणि परत राहाता. दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर सहज व्हायचे. या कामात त्यांनी तीन गाड्या वापरल्या आणि तिन्ही एकाच कंपनीच्या.

त्या कंपनीचं नाव आमच्या घरात क्वचितच घेतलं जायचं. ‘आपली कंपनी’ म्हणायचे सगळे, जणू कारखान्यात आमचा हिस्सा होता. रस्त्यात आपल्या कंपनीची गाडी बंद पडलेली दिसली की अण्णा थांबायचे, बॉनेट उघडायला लावायचे, वायरी हलवून बघायचे. दुसऱ्या कंपनीची असली तरी थांबायचे, पण मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसायचं. नवीन गाडी घ्यायची कुणाच्या मनात आली की तो माणूस अण्णांकडे यायचा आणि अण्णा त्याला एकच कंपनी सांगायचे. आमच्या गल्लीत तशा पाच गाड्या होत्या, त्यातल्या चार अण्णांच्या शब्दावर घेतलेल्या.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की असं काय आहे या गाड्यांत? ते म्हणाले, “मला हिचा आवाज कळतो. जनावर सांगत नाही कुठं दुखतंय ते, आवाजावरनं ओळखावं लागतं. हिचंही मला ओळखता येतं. आता दुसऱ्या कंपनीचा आवाज कुठं शिकत बसू?”

तिसरी गाडी त्यांनी नवी कोरी घेतली, अठरा वर्षांपूर्वी. उंच, डिझेलची, मागे औषधाच्या पेट्या आणि दोर ठेवायला भरपूर जागा असलेली. तिच्या शेजारच्या सीटवर पहिली काही वर्षं त्यांचे कंपाउंडर बसायचे. मूळचे जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे. जनावर धरण्यात त्यांच्यासारखा माणूस नव्हता, असं अण्णा अजून सांगतात. मी त्यांना काका म्हणायचो. गाडीचे एक लाख किलोमीटर पुरे झाले तेव्हा काकाच शेजारी होते. लोणीच्या रस्त्यावर अण्णांनी गाडी कडेला घेतली, दोघांनी खाली उतरून चहा प्यायला. त्यानंतर काही महिन्यांनी काकांचे वडील अंथरुणाला खिळले आणि ते घरची जमीन बघायला खर्ड्याला परत गेले.

पण अण्णांनी तो चहा सोडला नाही. दोन लाख झाले तेव्हा, तीन लाख झाले तेव्हा, जिथं असतील तिथं गाडी थांबवून त्यांनी काकांना फोन केला. चार लाखांच्या वेळी मी गाडीत होतो. कोल्हारच्या पुढे एका उसाच्या फडाशेजारी आम्ही थांबलो. अण्णांनी फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, “अरे, चार झाले! चार लाख! इंजिनाला हात लावलेला नाही अजून!” पलीकडून काका काहीतरी म्हणाले आणि अण्णा कितीतरी वेळ हसत राहिले. मला नगरला परतायची घाई होती. मी घड्याळात बघत होतो.

मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमची सोसायटी नवीन, पार्किंगला फरशी. अण्णा कधी मुक्कामाला आले की त्यांच्या गाडीखाली ऑईलचा काळा डाग पडायचा. आत औषधाचा, शेणाचा, ओल्या दोराचा वास भरलेला असायचा. एकदा शेजाऱ्यांनी विचारलं, “ही कुणाची?” आणि मी म्हणालो, “गावाकडून एक जण आलेत.” अण्णा तेव्हा वर माझ्या घरात जेवत होते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

दीड वर्षापूर्वी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. शुगरही होतीच. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि ऑपरेशनसाठी ते माझ्या बहिणीकडे नाशिकला जाऊन राहिले. जाताना गाडीची किल्ली आणि कागदपत्रं माझ्या हातात देऊन म्हणाले, “चांगल्या माणसाला दे. फिरवणारा बघ, उभी करून ठेवणारा नको.”

मी मोबाईलवर जाहिरात टाकली. फोन आले, पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, “रनिंग किती?” चार लाख सहा हजार म्हटलं की कुणी हसायचं, कुणी नुसताच फोन ठेवायचं. एक जण म्हणाला, “साहेब, भंगारवाल्याला विचारा.” मला राग आला, पण त्या माणसाचा नाही. मला गाडीचाच राग आला. आणि खरं सांगायचं तर अण्णांचाही. इतकी चालवायची कशाला?

कारखान्यातल्या एकानं मला गाडीच्या टेपचं काम करणाऱ्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथला माणूस माझ्याच वयाचा होता, बोलायला गोड. त्यानं लॅपटॉप गाडीला जोडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“किती करू?”

“किती करतात?” मी विचारलं.

“एक लाखाच्या जरा वर ठेवा. फार कमी केलं की माणसाला शंका येते.”

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, “एक लाख अठरा हजार चारशे साठ.” शेवटचे आकडे मीच ठरवले. गोल आकडा खोटा वाटतो, हे मला आपोआप सुचलं आणि सुचल्याचा आनंदही झाला. तो आनंद मला नीट आठवतो. त्यानं मग खाली वाकून ब्रेकच्या पेडलकडे बोट दाखवलं. “हे रबर बघा, पार गुळगुळीत झालंय. हे बदला, नाहीतर हेच बोलेल.” मी नवीन रबरं बसवून घेतली. सगळं मिळून अर्धा तास लागला.

त्यानंतर दोनच दिवसांनी खर्ड्याहून काकांचा फोन आला. “दादा, डॉक्टरसायेबांनी सांगितलं, गाडी काढताय म्हणून. दुसऱ्या कुनाला देऊ नका. मला द्या.” ते आता साठीला आले होते, शेळ्या पाळत होते, बाजाराला जायला-यायला त्यांना गाडी हवी होती. “तसली गाडी आता मिळत न्हाई,” ते म्हणाले. “आन सायेबांच्या हातची हाय.”

त्याच फोनवर मला सांगता आलं असतं. काका, मी मीटर मागे घेतलाय, खरा आकडा वेगळा आहे. एवढंच वाक्य होतं. मी म्हणालो, “या की, केव्हाही या.”

ते एसटीनं नगरला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात ठेवला, मग आत बसून किल्ली फिरवली. मीटरवर आकडे उमटले. त्यांनी आकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग नुसतं “बरं” म्हणाले. मला वाटलं, त्यांना आनंद झालाय. पैसे ठरल्याप्रमाणे देऊन, किल्ली कपाळाला लावून ते गाडी घेऊन गेले. गाडी वळणाआड गेल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला. महिन्याभरात मी माझ्यासाठी नवीन गाडी घेतली, दुसऱ्या कंपनीची.

अण्णांची दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. राहात्याला परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी टुमणं लावलं, खर्ड्याला जायचं, गाडी बघून यायचं. मी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी ते स्वतःच एसटीत बसून नगरला माझ्या दारात येऊन उभे राहिले. मग निघावंच लागलं.

माझ्या नव्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. कडा गाव ओलांडल्यावर म्हणाले, “शांत आहे गाडी. चालू आहे की बंद ते कळत नाही.” मी म्हटलं, “अण्णा, हल्ली असंच असतं.” ते म्हणाले, “असेल.” जामखेड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो की गाडी आज बाजाराला गेलेली असू दे.

गाडी अंगणात उभी होती. धुऊन, पुसून ठेवलेली. काकांच्या मुलाबाळांची लग्नं होऊन ती बाहेरगावी गेलेली, घरात ते आणि काकू दोघंच. अण्णांना बघून काका धावतच आले, वाकून पाया पडले. चहा झाला, शेळ्या बघून झाल्या. अण्णांनी एका शेळीचा खूर तपासून काय लावायचं ते सांगितलं. मग ते गाडीकडे वळले. काकांनी दार उघडून धरलं. अण्णा आत बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि किल्ली फिरवली.

मी खिडकीशी उभा होतो. नव्या डोळ्यांनी त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मीटर वाचला. मग खाली, पेडलकडे बघितलं. मग माझ्याकडे.

काका दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांना हे काही दिसलं नाही. ते हसत, अगदी मायेनं म्हणाले, “सायेब, एक बोलू का? राग मानू नका. तुमी मला फोन करायचा, दोन लाख झाले, चार लाख झाले. मी बी गावभर सांगायचो. पन मी तुमच्याकडनं निघालो तवाच एक लाख दहा झाल्ते की. मंजी मागल्या बारा-तेरा वर्सात आठ-साडेआठ हजारच. मला कळलं, काम कमी झालं आसंल. हुतंय तसं वय झाल्यावर. पन माज्याजवळ कशाला वाढवून सांगायचं? मी काय परका हाय का?”

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. काकांनी ती गाडी एक लाखापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. मी मीटरमधून तीन लाख किलोमीटर काढले नव्हते, अण्णांच्या कामाची तेरा वर्षं काढली होती. या माणसाच्या लेखी अण्णा त्या वर्षांत रिकामे घरी बसलेले होते आणि फोनवर बढाया मारत होते.

अण्णांनी किल्ली बंद केली. मी वाट बघत होतो की ते आता बोलतील. बोलायलाच हवं होतं. ज्या माणसानं कधी जनावराच्या मालकालाही खोटी आशा लावली नाही, तो हे कसं ऐकून घेईल?

ते म्हणाले, “हो रे. म्हातारा माणूस. बोलून जातो काहीबाही.”

“जाऊ द्या, जाऊ द्या,” काका म्हणाले आणि त्यांनी अण्णांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

मी तिथंच होतो. दोन हातांच्या अंतरावर. माझं तोंड उघडलं नाही. जेवायला थांबायचा आग्रह झाला, आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. काकूंनी मला दोनदा वाढलं आणि मी दोन्ही वेळा खाल्लं.

परतीच्या वाटेवर जामखेड गेल्यावर मी सुरुवात केली, “अण्णा, ते मीटरचं...”

“पुढे बघून चालव,” ते म्हणाले.

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. फक्त त्यांनी गाडीबद्दल बोलणं सोडलं. दूध संकलन केंद्रावर सकाळी जुनी माणसं जमतात, अण्णाही जातात. एकदा मी बरोबर होतो. कुणीतरी एका नव्या माणसाला सांगत होतं, “आमच्या डॉक्टरांची गाडी विचार किती चालली!” आणि त्या माणसानं विचारलं, “किती हो डॉक्टर?” एरवी अण्णा या प्रश्नाची वाट बघत असायचे. ते म्हणाले, “चालली बरीच,” आणि दुधाची किटली उचलून चालू लागले. मी त्यांच्या मागून चालत होतो. पाठीमागून त्यांचे खांदे दिसत होते. त्या दिवशी मी ठरवलं.

तरी ठरवल्यावर मला अडीच आठवडे लागले. एका शनिवारी रजा टाकून मी एकटा खर्ड्याला गेलो. काका गोठ्यात एका शेळीचे खूर कापत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जाहिरात, हसणारे लोक, लॅपटॉपवाला, आकडा मी निवडला तो, पेडलची रबरं. अण्णांना काहीच माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

काका खूर कापत राहिले. चारही खूर पुरे केले. मग शेळी सोडून दिली आणि हातातला विळा पुसत म्हणाले, “त्या दिसानंतर सायेबांचे तीन फोन आले मला. मी उचलले न्हाईत. रागानं न्हाई हं. मला वाटायचं, पुना कायतरी वाढवून सांगतील आन मला हो-हो म्हनावं लागंल. लाज वाटायची त्यांची.” ते थांबले. “मला. त्यांची. लाज.”

मी म्हणालो, “काका, गाडी परत घेतो. सगळे पैसे देतो.”

“गाडीला काय झालंय?” ते एकदम चिडून म्हणाले. “गाडी चांगली हाय. मला तुमचे पैसे नकोत. तो आकडा होता तसा करून द्या.”

पुढच्या सोमवारी ते गाडी घेऊन नगरला आले आणि आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. लॅपटॉपवाल्याला आधी कळेचना. “वर न्यायचाय?” तो म्हणाला. “वर न्यायला आजवर कुणी आलं नाही माझ्याकडे.” मग त्यानं बोटं कीबोर्डवर ठेवली. “सांगा. पूर्ण आकडा सांगा.”

मी म्हणालो, “चार लाख सहा हजार...” आणि थांबलो. पुढचं मला माहीतच नव्हतं. मी तो कधी नीट वाचलाच नव्हता. माझ्यासाठी तो नुसता एक अडचणीचा आकडा होता.

काका माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “लावा फोन.”

मी अण्णांना फोन लावला. काका ऐकत होते, तो माणूस ऐकत होता. मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही गाडी माझ्याकडे दिलीत तेव्हा मीटरवर किती होते? पूर्ण आकडा हवाय. मी काकांबरोबर दुकानात आहे. काकांना मी सगळं सांगितलंय.”

पलीकडे मागे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग अण्णांनी आकडे एकेक करून, औषधाचा डोस सांगावा तसे सांगितले. “चार. शून्य. सहा. सात. तीन. एक.” आणि मग, “त्यानं पुढे चालवलेले मिळव त्यात. नाहीतर परत चुकेल.”

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. “सायेब,” ते म्हणाले. अण्णाच पलीकडून काहीतरी विचारत असावेत, कारण काका म्हणाले, “व्हय, भरला खूर. लावलं तुमी सांगितलेलं.” मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत ते दोघं पाऊण तास बोलत होते. लॅपटॉपवाल्यानं काम संपवून दुसरी गाडी घेतली तरी बोलत होते.

काका निघाले तेव्हा मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. पूर्वी ते मला दादा म्हणायचे. त्या दिवसापासून ते मला काहीच म्हणत नाहीत, ‘ऐका हो’ एवढंच म्हणतात.

अण्णांनी हा विषय माझ्याशी आजवर काढलेला नाही. मीही एकदाच, त्यांच्या पायाशी बसून, माफी मागितली. त्यांनी पेपर खाली ठेवला, ऐकून घेतलं, “बरं” म्हणाले आणि पेपर परत उचलला. त्यांनी माफ केलं की नाही, हे मला कळत नाही. त्यांना विचारायचा मला धीर नाही आणि अधिकारही नाही.

गेल्या दिवाळीत काका आणि काकू ती गाडी घेऊन राहात्याला आले. फराळ झाल्यावर अण्णा म्हणाले, “चल, एक चक्कर मारू,” आणि चपला घालून बाहेर पडले. ते दोघं जुन्या वस्त्यांवर निघाले होते, ज्या गोठ्यांत त्यांनी रात्री-अपरात्री वासरं काढली होती तिथं. अण्णा शेजारच्या सीटवर बसले, काकांनी गाडी काढली. मला कुणी बोलावलं नाही.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांच्या नजरेवरून कळत होतं. त्या म्हणाल्या, “तुमी न्हाई गेलात? मागं जागा हाय की लई.”

मी म्हणालो, “नको. असू द्या.” आणि फराळाची ताटं गोळा करायला आत गेलो.